चकतीची उंच बाजू

मिस्त्रींचा हात चुकत नाही, ही गोष्ट गल्लीत पसरवली कोणी, तर मिस्त्रीणबाईंनी. मिस्त्री स्वतः कधी बोलले नसते. घरात एकाने बोलायचं आणि एकाने करायचं अशी वाटणी लग्न झाल्या झाल्याच झाली होती, आणि बोलण्याचा वाटा कोणाकडे गेला हे सांगायला नको. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच विचारायच्या, "काय मोडून आणलंत?"

"मोडलं नाही हो, आपोआप बंद पडलं."

"आपोआप तर माणूससुद्धा बंद पडत नाही. ठेवा तिथे."

पत्र्याचं वर्कशॉप घराला चिकटून होतं आणि ती खिडकी थेट त्यात उघडायची. इकडे भाजी चिरता चिरता तिकडे बाकावर काय चाललंय ते सगळं दिसायचं. पाण्याचे पंप, गवत कापायची मशिनं, फवारणीची, कुंपण छाटायची, असली लहानसहान कामं मिस्त्री करायचे. बाईंची शाळा अक्षरं जुळवण्यापुरती झाली होती, पण पाना हातात द्यायला, दिवा धरायला, अवघड जागी बोट घालून नट पकडायला त्याच असायच्या, त्यामुळे कोणतं मशीन कशाने खोकतं ते त्यांनाही कळायचं. नुसतं कळायचं नाही. आपल्याला कळतं, हे त्यांना जरा जास्तच कळायचं.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्रींच्या हातून एक पंप तसाच बाहेर आला. झाकणाखालचं पॅकिंग घालायचं राहिलं होतं. ते बाकावरच पडलेलं. बाईंना ते दिसलं तेव्हा मिस्त्री जेवून आडवे झाले होते. दुपारची झोप त्यांना लेकरासारखी गाढ लागायची. बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग स्वतःच पाना घेतला, झाकण काढलं, पॅकिंग घातलं, बोल्ट आवळले, हात पुसले आणि भांडी घासायला गेल्या.

त्यानंतर गवत कापायच्या मशीनमध्ये ऑइल भरायचं राहिलं. त्यानंतर फवारणीच्या मशीनची नळी भलत्याच तोंडाला लागली. दर वेळी असं व्हायचं नाही. बरीचशी कामं अजून अशी व्हायची की बघत राहावं. पण कोणतं काम चोख झालंय आणि कोणतं फसलंय हे वरून दिसायचं नाही, म्हणून बाई सगळीच तपासायला लागल्या. मिस्त्रींचं घोरणं सुरू झालं की त्या वर्कशॉपात. घोरणं थांबायच्या आत परत ओट्यापाशी.

कोणाला सांगितलं नाही. लेक दोन रस्ते पलीकडे राहायची, तिलाही नाही. तिला सांगितलं की ती डॉक्टरचा विषय काढणार, जावई तोंड लांब करून 'आता आराम करा' म्हणणार आणि गल्ली तर टपलेलीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मिस्त्रींना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? त्या माणसापाशी हातांखेरीज दुसरं होतं काय? बोलणं तर बाईंनी कधीच काढून घेतलं होतं.

अशात तो रोटाव्हेटर आला.

आणला रोपवालीने. ती रोपं वाढवून विकायची आणि लोकांच्या बागा खणून द्यायची. हाताने धरून चालवायचा रोटाव्हेटर, मागे दोन लांब दांडे, खाली माती उकरणाऱ्या वाकड्या पात्यांचा रूळ. रंग कधीकाळी हिरवा असावा. तो तिच्या वडिलांनी घेतला तेव्हाच जुना होता.

"कंपनी बुडाली, वडील गेले," ती म्हणाली, "हाच राहिलाय मागे."

"आणि आता हाही निघाला वाटतं," बाई खिडकीतून म्हणाल्या.

"इंजिन मस्त आहे हो. पण पाती फिरायला जोरच नाही. जरा घट्ट माती लागली की इंजिन ओरडतं आणि पाती उभी."

मिस्त्रींनी क्लचची लिव्हर दाबून सोडली, दाबून सोडली, आणि म्हणाले, "चकती घासली." मग कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसले. नवी मशिनं म्हणजे प्लास्टिकचे डबे. पार्ट टाका, पार्ट काढा. हे लोखंड होतं.

इंजिन एकीकडे आणि गिअरबॉक्स एकीकडे करून त्यांनी क्लच उघडला. क्लच म्हणजे काय, दोन लोखंडांच्या मध्ये दाबून धरलेली एक चकती. एका अंगाला इंजिनचं जड चाक, दुसऱ्या अंगाला स्प्रिंगांनी दाबणारी प्लेट. लिव्हर दाबली की क्लचची बोटं प्लेटला मागे ओढतात, चकती मोकळी होते आणि इंजिन चालू असलं तरी मशीन जागच्या जागी थांबतं. चकतीवरचं अस्तर झिजून रिव्हेटांची डोकी वर आली होती. तसलं अस्तर आता कुठे मिळत नाही. मिस्त्रींनी दुसऱ्या जाड अस्तरातून ते कापलं, भोकं पाडली, एकेक रिव्हेट ठोकून बसवला. ठोकताना जीभ दातात धरलेली. बाईंनी चहा आणून ठेवला, तो गार झाला, त्यावर साय आली.

"चहा प्यायचा असतो, त्याच्याकडे पाठ करून बसायचं नसतं."

"हूं."

जेवायला उठेपर्यंत चकती चाकावर बसली होती आणि वरून प्लेट आवळून झाली होती. मिस्त्री जेवले, लवंडले, घोरायला लागले. बाई आत शिरल्या.

प्लेटच्या मधल्या भोकातून त्यांनी बॅटरी मारली. चकतीच्या मध्याला एका बाजूने उंचवटा असतो, दुसरी बाजू सपाट. उंच बाजू गिअरबॉक्सकडे, हे मिस्त्रींनीच त्यांना शिकवलं होतं. इतक्या वेळा की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. आणि इथे भोकातून दिसत होती सपाट बाजू. उंच बाजू आत, चाकाकडे.

बाईंनी बॅटरी बंद केली. "अहो, तुम्हीसुद्धा ना," असं त्या कोणी ऐकणार नाही इतक्या हळू म्हणाल्या. वाईट वाटलं. पॅकिंग विसरणं निराळं; चकती उलटी घालायची म्हणजे अक्षरच विसरल्यासारखं. पण नुसतं वाईटच वाटलं असं म्हटलं तर ते अर्धंच. 'बघा, मी आहे म्हणून', असंही त्यांच्या मनात कुठेतरी मान वर करून बसलं होतंच. प्लेट सोडवली, चकती काढून पालथी केली, लाकडी दांडा घालून मधोमध धरली, बोल्ट होते तसे आवळले. त्यांच्या हाताला कापरं नव्हतं. काम झकास झालं.

झोपून उठल्यावर मिस्त्रींनी गिअरबॉक्स जोडला, क्लचची वायर लावली आणि मशीन चालू केलं. लिव्हर दाबली. पाती थांबली, पण थांबायच्या आधी जरा रेंगाळली. मिस्त्रींनी वायर ताणली, पुन्हा बघितलं, आणखी ताणली.

"अगं, वायर फारच ओढावी लागतेय."

"जुनी आहे. जुनं झालं की सैल पडतंच."

"सुटायला हवं तसं सुटत नाही. पुन्हा उघडून बघू का?"

आत्ता उघडलं तर प्लेटवर पान्याचे ताजे ओरखडे दिसतील, हे बाईंच्या मनात आलं. "किती वेळा उघडाल? थांबतंय ना? नवं अस्तर आहे, दोन दिवस चाललं की बसेल जागेवर."

मिस्त्री लिव्हरवर हात ठेवून उभे राहिले. एरवी त्यांनी उघडलंच असतं. पण हल्ली बायकोचं ऐकावं असं त्यांना वाटायला लागलं होतं. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. "बरं," ते म्हणाले.

रोपवाली रोटाव्हेटर घेऊन गेली, आणि त्याच आठवड्यात तिचा भाऊ तो हातगाडीवर घालून परत घेऊन आला. दारात गाडी त्याने अशी सोडली की दांडे खणकन जमिनीवर आपटले.

"मिस्त्री कुठायत?"

"आधी आवाज खाली," बाई खिडकीतून म्हणाल्या. "मशीन आपटायला आणलंय की दाखवायला?"

"बहीण खुर्चीत बसलीय माझी, बाई. झोपता येत नाही तिला. बरगडी मोडलीय."

भाजीवरची सुरी थांबली. मिस्त्री बाकावरून उठून पुढे आले.

भावाने सांगितलं ते असं. एका घरामागची बाग खणायची होती, भिंतीलगतची. दुपारपर्यंत मशीन चांगलं चाललं. भिंतीच्या कोपऱ्यात गेल्यावर तिने लिव्हर दाबली, रिव्हर्स टाकला आणि मागे सरकत भिंतीपाशी आली. तिथे थांबायचं म्हणून लिव्हर पुन्हा दाबली. मशीन थांबलंच नाही. लिव्हर दाबलेली आणि मशीन मागे येतंय. पाठीमागे भिंत. दांडा छातीत रुतला तेव्हा इंजिन गचका खाऊन बंद पडलं म्हणून वाचली. नाहीतर पाती पायांवर आली असती.

"लिव्हर पुरती दाबली नसेल," बाई म्हणाल्या. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "बायकांच्या हातात तेवढा जोर..."

"बाई, ती हातांनी झाडं उपटते."

"तू आत जा," मिस्त्री म्हणाले.

बाई खिडकीतून हलल्या नाहीत. मिस्त्री भावाला म्हणाले, "ठेवून जा. बहिणीला सांग, मी येऊन भेटतो." भाऊ गेला. मिस्त्रींनी त्याच पावली मशीन उघडायला घेतलं. गिअरबॉक्स बाजूला झाला, भोकातून आत बघितलं आणि ते बाकावर बसले.

"उलटी," ते म्हणाले.

"काय उलटी?"

"चकती. उंच बाजू बाहेर आलीय."

"मग?" बाईंचा आवाज नको तेवढा चढला. "उंच बाजू बाहेरच असते. गिअरबॉक्सकडे. तुम्हीच शिकवलंत."

"सगळ्यांत असते. याच्यात नाही." त्यांनी प्लेट काढली, चकती काढली आणि बाईंना जवळ बोलावून बोटाने दाखवलं. "हे चाकाचं पोट बघ केवढं खोल आहे. उंचवट्याला जागा तिथे ठेवलीय. इकडे बोटं अगदी अंगाला लागून. उंच बाजू इकडे आली की बोटं तिच्यावरच टेकतात, मग प्लेट पुरती मागे येणार कशी? थंड असेपर्यंत जेमतेम सुटतं. तापलं की संपलं."

बाईंनी पोट बघितलं. खरंच खोल होतं. आंधळ्यालाही चाचपून कळलं असतं.

"मला हे ठाऊक होतं गं," मिस्त्री म्हणाले. "उघडलं तेव्हाच बघून ठेवलं होतं. उंच बाजू आत घातल्याचं मला आठवतंय. नुसतं आठवत नाही, दिसतंय. माझा अंगठा कुठे होता तेसुद्धा. आणि ही बघ." त्यांनी चकती बाकावर ठेवली. "विसरायला लागलोय ते मला कळत होतं. म्हटलं, वय झालं, चालायचं. पण जे आठवतंय तेही जर खोटं असेल, तर मग मी धरू कशाला?"

सांगायची वेळ तीच होती. बाईंना ते तेव्हाही कळलं. शब्द ओठांपर्यंत आले आणि ज्या बाईला कधी शब्द कमी पडला नव्हता तिने ते गिळले. सांगितलं असतं की चकती मी पालथी केली, तर पुढचा प्रश्न आलाच असता: तू उघडलंस कशाला? आणि त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे पंपापासून सगळं ओकायचं. 'अहो, तुमचं प्रत्येक काम मी तुमच्या पाठीमागे तपासते,' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? बरगडीपेक्षा ते जास्त मोडलं असतं. असं बाईंनी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला सांगतो तेव्हा समोर उलट बोलणारं कोणी नसतं.

मिस्त्रींनी वर्कशॉपचं दार ओढून घेतलं. लेकीला फोन स्वतः केला, आजवर कधी केला नव्हता. लेक धावत आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि बाजूला येऊन आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, तू एकटीने कसं सांभाळलंस गं एवढे दिवस?"

"काय सांभाळायचंय," बाई म्हणाल्या आणि खांदा काढून घेतला.

लेकीने डॉक्टर ठरवला. जावयाने हत्यारं घेणारा माणूस शोधला. तो रविवारी येऊन सगळं बघून जाणार होता, पाने, शिकंजे, ड्रिल. मिस्त्रींनी सगळ्याला 'हो' म्हटलं. त्यांनी भांडावं म्हणून बाई वाट बघत होत्या. जरा भांडले असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

पण त्याहून वाईट पुढे होतं. मिस्त्री विचारायला लागले. आंघोळीहून आले की, "मी अंगाला साबण लावला का गं?" ताटावरून उठले की, "जेवण झालं ना माझं?" बाहेर पडताना दाराची कडी लावायचे, दोन पावलं जायचे, परत यायचे, कडीला हात लावायचे आणि बाईंकडे बघायचे. बाईंनी मान हलवली की निघायचे. आधी चार गोष्टी विसरणारा माणूस होता. आता काही विसरला नव्हता तरी विचारणारा झाला. स्वतःच्या शर्टाची गुंडीसुद्धा त्याला परक्याची वाटायला लागली होती.

"कडी लावलीत हो! डोळ्यांनी दिसतंय ना?" बाई एकदा खेकसल्या.

"दिसतंय," मिस्त्री म्हणाले, "पण चकतीही दिसत होती."

बाई बाथरूममध्ये गेल्या आणि नळ पूर्ण सोडून उभ्या राहिल्या.

शनिवारी मिस्त्री म्हणाले, "रोपवालीकडे जाऊ. हत्यारं जायच्या आधी माझ्या तोंडाने तिला सांगायला हवं." बाई बरोबर निघाल्या. रस्ता ओलांडताना मिस्त्रींनी त्यांचं कोपर धरलं. गाड्या काही फार नव्हत्या. जन्मात कधी रस्त्यात हात धरला नव्हता या माणसाने, आणि आज धरला तो पडू नये म्हणून.

रोपवालीच्या खोलीत बसायला खुर्ची कमी आणि रोपांचे ट्रे जास्त. खिडकीत, कपाटावर, पलंगाच्या अर्ध्या भागावरसुद्धा. ती ताठ बसली होती, पाठीला दोन उश्या, आणि बसल्या बसल्या मांडीवरच्या ट्रेमधली जुळी रोपं वेगळी करत होती. भाऊ दाराला टेकून उभा.

"या मिस्त्री," ती म्हणाली. "हसवू नका फक्त. हसलं की दुखतं."

"हसवायला नाही आलो." मिस्त्री उभेच राहिले. "चकती मी उलटी घातली. या मशीनची निराळी असते हे ठाऊक असून घातली. चूक माझी. मशीन नीट करून दुसऱ्या कोणाकडून तपासून पाठवतो. नंतर मी काम बंद करतोय."

"अहो, एका चुकीने कोणी..."

"बंद करतायत ते बरंच आहे," भाऊ म्हणाला. "राग मानू नका, पण डोकं चालेनासं झालं की माणसाने हत्यारं खाली ठेवावीत. दुसऱ्याचा जीव जातो."

आणि मिस्त्रींनी मान हलवली. शाळेत मार खाणारं पोर हलवतं तशी. "बरोबर आहे तुझं," म्हणाले.

"काय बरोबर आहे?" बाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"काही बरोबर नाही. त्यांचं डोकं त्या दिवशी चांगलं चाललं होतं. चकती यांनी नीट घातली होती. उलटी मी केली." एकदा तोंड उघडल्यावर बाईंना थांबता येईना. "हे झोपले होते. मी उघडलं, मला वाटलं चुकलंय, मी फिरवली आणि होतं तसं बंद करून ठेवलं. हे म्हणत होते पुन्हा उघडून बघू, तर नको म्हटलं तेही मीच. तुला जे बोलायचंय ते मला बोल. त्यांना एक शब्द बोललास तर बघ."

भावाचं तोंड उघडंच राहिलं. रोपवालीच्या हातातलं रोप तसंच अधांतरी.

मिस्त्रींनी बायकोकडे बघितलं. आधी त्यांचा चेहरा असा उजळला की बाईंनी तो लग्नातही बघितला नव्हता. "म्हणजे मी आत घातली होती," ते म्हणाले. "उंच बाजू आत. अंगठा इथे. खरंच घातली होती."

"घातली होती."

"मला आठवत होतं!" ते रोपवालीकडे वळून म्हणाले, जणू तिला बक्षीस लागलं होतं. "आठवत होतं बरं का!"

आणि मग तो उजेड हळूहळू गेला. बाईंना तो जाताना दिसला, कुठून सुरू झाला आणि कुठे संपला तेही.

"पण तू उघडलंस कशाला?" मिस्त्री म्हणाले.

रोपवाली शहाणी; ती मध्येच म्हणाली, "मिस्त्री, मशीन मला हवंय. तपासायला दुसरं कोणी नको, तुम्हीच बसवा. फक्त या बाईंनी हात लावायचा नाही." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली, आणि छाती धरून कळवळली.

परतीच्या रस्त्यावर मिस्त्रींनी कोपर धरलं नाही. एक पाऊल पुढे चालत होते.

"पहिल्यांदाच उघडलंस की आधीपण?"

"आधीपण."

"कधीपासून?"

बाईंनी सांगितलं. पंपाचं सांगितलं, ऑइलचं सांगितलं. बोलायची एवढी सवय, पण प्रत्येक वाक्य दगड उचलून ठेवल्यासारखं. मिस्त्री ऐकत होते आणि चालत होते.

"फवारणीचं मशीनही?"

"नळी चुकीच्या तोंडाला होती."

"तो माणूस मुद्दाम येऊन सांगून गेला होता. म्हणाला, नवं होतं तेव्हाही इतकं छान चाललं नव्हतं."

"हो."

"मी त्या दिवशी खुशीत दोनदा चहा मागितला." ते थांबले, पण मागे वळले नाहीत. "तू करून दिलास. दोन्ही वेळा. हसत."

"मग काय रडत देऊ? तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"मला वाईट वाटू नये म्हणून तू मला वेडा होऊ दिलंस आठवडाभर. साबण विचारत होतो मी तुला. साबण!"

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

घरी आल्यावर मिस्त्रींनी लेकीला पुन्हा फोन केला. हत्यारांचा माणूस रविवारी नको म्हणाले. डॉक्टरची वेळ मात्र तशीच ठेव. "विसरणं खरंच आहे," म्हणाले, "ते काही तुझ्या आईने केलेलं नाही." फोन ठेवून वर्कशॉपचं दार उघडलं. बाई सवयीने खिडकीपाशी गेल्या, तर आतून आवाज आला, "तिथे नाही. इकडे ये. समोर बस."

बाई आल्या. पालथ्या घातलेल्या डब्यावर बसल्या.

"बघ. हात लावायचा नाही. चुकलं तर सांगायचं. तोंडाने, त्याच वेळी. झोपल्यावर नाही."

"बरं."

त्यांनी चाक पुसलं, चकती उचलली, उंच बाजू पोटात घातली. अंगठा कुठे होता तो बाईंनी बघितला. वरून प्लेट ठेवली, लाकडी दांडा घालून मधोमध धरली आणि बोल्ट लावायला सुरुवात केली. प्रत्येक बोल्टखाली ताटलीतलं एक स्प्रिंगचं वायसर, चिरलेल्या कड्यासारखं. घट्ट धरतं ते, नाहीतर हादऱ्यांनी बोल्ट सैल होतो. मिस्त्रींचा हात जुना, लय जुनी. बोल्ट, वायसर, दोन पिळे. बोल्ट, वायसर, दोन पिळे. बाईंना वाटलं, देवा, असंच चालू राहू दे, शेवटच्या बोल्टापर्यंत फक्त.

पुढचा बोल्ट गेला. वायसर ताटलीत राहिलं.

मिस्त्री त्याच लयीत पुढच्या बोल्टाकडे वळलेही. कपाळ शांत होतं. त्यांना काही कळलं नव्हतं. कित्येक दिवसांनी हा माणूस आपल्या बाकावर आपल्यासारखा दिसत होता, आणि बाईंनी ओठ इतके घट्ट मिटले की दुखले. उद्या दुपारी हे झोपले की घालता येईल. एक वायसर तर आहे. कोणाला कळणार आहे?

"अहो," बाई म्हणाल्या.

हात थांबला.

"वायसर राहिलं. मागच्या बोल्टाला."

मिस्त्रींनी ताटलीत बघितलं. मग बोल्टाकडे. त्यांचा कान मागून लाल होत गेलेला बाईंना दिसला.

"आता हे रोज सांगावं लागेल तुला," ते म्हणाले.

"सांगेन की. माझं तोंड कधी दमलंय?"

"तुझ्या तोंडाचं नाही विचारत. मला ऐकायला जमेल का, ते विचार."

बाईंनी विचारलं नाही. मिस्त्रींनी पाना बोल्टावर बसवला आणि तो उलटा फिरवून सोडवायला घेतला.